एकास चोवीस

अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी 'नाही' म्हणायची नोकरी केली.
बुश, पिन, गिअरचे दाते,
दोन मायक्रॉन जास्त भरले की लाल खोक्यात.
निरोपाला त्यांनी नारळ दिला, शाल दिली
आणि एक नवा व्हर्नियर.
नारळाची वृंदाने चटणी केली.
व्हर्नियर अजून टेबलावर आहे.

आता पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये,
काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत
मी एक जीप बांधतोय.
एकास चोवीस.
अण्णा चालवायचे ती, पाटबंधारे खात्याची,
गंगापूर धरण ते कॉलनी,
पुढच्या सीटवर साहेब, मागे फायली
आणि सुट्टीत कधी कधी मी.

या मापात धुळीचा एक कण सुपारीएवढा होतो.
माझा पिकलेला केस म्हणजे क्लचची केबल.
चूक मात्र
कुठल्याच मापात लहान होत नाही.

पहिलं वर्ष चाकांच्या नटांत गेलं.
खोक्यातले गोल निघाले, मला षटकोनी हवे होते,
स्टेपनी धरून पंचवीस.
चिमट्यातून उडालेला एक
तीन दिवसांनी वृंदाच्या पोह्यांत सापडला.
मग डिफरन्शियलवर गंज चढवला, दोन छटांत.
ती म्हणाली, उलटी करून कोण बघणार आहे?
मी म्हटलं, मी.
मग एकदा तुम्हालाच उलटं करून बघायला हवं,
म्हणाली, आणि दिवा मालवून गेली.

खांदे कानांपर्यंत चढलेत
हे मला अंधारात कळलं.

रंगापाशी गाडी अडली.
घरात एकच फोटो, तोही कृष्णधवल.
रविवार कारंजावरून चार राखाडी आणले,
चार बुचांवर फासले,
आणि जानेवारीच्या गारठ्यात बुचं खिशात घेऊन
मखमलाबादला भोरकाकांकडे गेलो.
अण्णांच्या खात्यातले तेवढेच उरलेत.

काका द्राक्षाच्या मांडवाखाली, मान वर करून
घडातले मणी कात्रीने काढत होते.
चांगले हिरवेगार मणी, टपटप मातीत.
मी चारही बुचं त्यांच्यापुढे धरली.
कात्री न थांबवता त्यांनी पाहिलं.
"रंग? कसला रंग, बाबा.
धुळीचा होता."
आणि मग, बऱ्याच वेळाने,
"तुझा बाप गाणं म्हणायचा गाडीत. बेसूर.
गिअर टाकताना तेवढा थांबायचा,
आणि तिथूनच पुढे धरायचा."

हे फोटोत नव्हतं.
मला आठवायला हवं होतं, पण
मी बहुतेक तेव्हा स्पीडोमीटर बघत असेन.

त्या रात्री इंजिन बसवलं.
एकवीस संध्याकाळींचं काम:
तांब्याच्या तारेचे प्लग, रेडिएटरची जाळी,
बॅटरीवर नखाच्या टोकाएवढं लाल टोपण.
बॉनेट टेकवून पाहिलं,
आणि कुठूनशी डिंकाची एक थेंबुटी सांडली.
चिकटलं.
फुंकलं, ओढलं, पातं घातलं फटीत.
कायमचं.

मी हसलो.
एकतीस वर्षांत लाल खोक्यात टाकलेल्या
एकाही तुकड्याला मी हसलो नव्हतो.
वृंदा उठून आली, काय झालं म्हणून.
आत इंजिन आहे, म्हटलं.
बरं, म्हणाली, आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

मग चपलेला लागून आलेली मखमलाबादची माती
नखाने खरवडली,
तिच्या जुन्या ओढणीतून चाळली, पुन्हा चाळली,
आणि मडगार्डवर फुंकली.
एक ढेकूळ राहिलं, चांगलं सुपारीएवढं.
राहू दिलं.

रात्री साडेबाराला टेबलावर व्हर्नियर आडवा ठेवला.
हा धरणाचा बांध.
त्याच्या कडेकडेने जीप ढकलत नेली, दोन बोटांनी,
तोंडाने घुर्रर्र करत,
मध्येच थांबत, गिअरसाठी.

उजवं मागचं चाक जरा डोलतंय.
उद्या बघू.
किंवा नाही.